ब्रिटिश कॅडेटांचे टोपीवरचे बिल्ले: कसे जमवावेत, खरे कसे ओळखावेत

माझी मुलगी तेरा वर्षांची असताना बर्मिंगहॅममधल्या एअर कॅडेट्सच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाली. गणवेशासोबत तिला बेरेटवर, म्हणजे मऊ गोल टोपीवर, लावायचा बिल्ला मिळाला. पंख पसरलेला ससाणा, भोवती वर्तुळात 'एअर ट्रेनिंग कोअर' ही अक्षरं, वर मुकुट आणि खाली 'व्हेंचर ॲडव्हेंचर' हे बोधवाक्य. साताऱ्याला कॉलेजात मी स्वतः एनसीसीत होते, त्यामुळे तो बिल्ला तळहातावर घेतल्यावर परेडच्या आदल्या रात्री पितळ घासत बसल्याची आठवण लख्ख झाली. पुढच्याच रविवारी एका कार बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात, तसाच बिल्ला दिसला, पण त्याचा मुकुट वेगळा होता. तो का वेगळा, हे विचारायला गेले आणि या नादाला लागले. त्याला आता अकरा वर्षं झाली.

या अकरा वर्षांत नकली माल घेऊन झाला, चुकीची नावं लावून झाली आणि एक चांगला बिल्ला घासून वायाही घालवला. सुरुवातीला कुणी क्रमाने सांगितलं असतं तर बरंच वाचलं असतं. म्हणून हे लिहिते आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना जास्त उपयोग होईल, पण पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात असे बिल्ले हाती लागणाऱ्यांसाठीही यात काही आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. रेजिमेंटचे बिल्ले हजारोंनी, लाखोंनी बनले. त्यांची पुस्तकं आहेत, याद्या आहेत, संग्रहालयात नमुने आहेत. शाळेच्या कॅडेट तुकडीचा बिल्ला मात्र शे-दोनशे मुलांपुरता बनायचा. त्यामुळे 'पुस्तकात नाही म्हणजे नकली' किंवा 'पुस्तकात आहे म्हणजे खरा' हे दोन्ही इथे चालत नाही. कॅडेटांचा बिल्ला ठरतो तो दोन गोष्टींवर: त्याच्या पाठीवर, म्हणजे मागच्या बाजूवर, आणि तो ज्या शाळेचा किंवा तुकडीचा आहे तिथल्या कागदांवर.

१. आधी काळ आणि नावं पाठ करा

कॅडेट संघटनांची नावं बदलत गेली. नाव कोणत्या वर्षांत चालू होतं हे माहीत असलं की अर्धे नकली बिल्ले दुकानातच ओळखू येतात.

१८५९-६० मध्ये फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये स्वयंसेवक दलं उभी राहिली. त्याच लाटेत ईटन, हॅरो, रग्बी, रॉसल, फेलस्टेड अशा शाळांत पहिल्या कॅडेट तुकड्या निघाल्या. शहरांतल्या गरीब मुलांसाठीची चळवळ नंतरची. नॅशनल ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ऑक्टेव्हिया हिल यांनी १८८९ मध्ये लंडनच्या सदर्क भागात कॅडेट कंपनी सुरू केली.

त्यानंतरचा क्रम मी एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवते:

- ओटीसी (ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर): १९०८ मध्ये युद्धमंत्री हॉल्डेन यांच्या सुधारणांतून. शाळांसाठी ज्युनियर विभाग, विद्यापीठांसाठी सीनियर.
- जेटीसी (ज्युनियर ट्रेनिंग कोअर): शाळांच्या विभागाला १९४० मध्ये मिळालेलं नाव. १९४८ पर्यंतच चाललं.
- सीसीएफ (कम्बाइन्ड कॅडेट फोर्स): १९४८ पासून शाळांतल्या तिन्ही दलांच्या तुकड्या एकत्र करून.
- एटीसी (एअर ट्रेनिंग कोअर): फेब्रुवारी १९४१. त्याआधी १९३८ पासून एअर डिफेन्स कॅडेट कोअर.
- एसीएफ (आर्मी कॅडेट फोर्स): हे नाव १९४२ पासून.
- सी कॅडेट कोअर: हेही नाव १९४२ पासून. त्याआधी नावात 'नेव्ही लीग' असायचं.

सीसीएफ आणि आपली एनसीसी दोन्ही १९४८ च्या. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

या यादीचा उपयोग असा. जेटीसी लिहिलेल्या बिल्ल्यावर राणीचा मुकुट (तो कसा ओळखायचा ते तिसऱ्या टप्प्यात) असेल तर तो बिल्ला त्या काळात वापरात असणं शक्यच नाही, कारण एलिझाबेथ राणी गादीवर आल्या १९५२ मध्ये आणि जेटीसी संपलं १९४८ मध्ये. ओटीसी आणि राणीचा मुकुट असं दिसलं तर मात्र घाईने नकली म्हणू नका. विद्यापीठांची ओटीसी आजही चालू आहेत. तो बिल्ला बहुधा विद्यापीठाचा असतो, आणि विक्रेते तो शाळेचा म्हणून खपवतात.

इथे दोन गैरसमज नवख्यांचे हमखास होतात. पहिला एसीएफचा. एसीएफच्या तुकड्या बहुतेक करून ज्या रेजिमेंटशी जोडलेल्या असतात तिचाच बिल्ला लावतात. म्हणजे रेजिमेंटचा साधा बिल्ला हातात घेऊन 'हा कॅडेटचा आहे' असं कुणीही सांगू शकतं, आणि तसं सांगून दोन पौंड जास्तही घेतं. सोबत खांद्यावरची 'कॅडेट' अशी पट्टी, जुनं नोंदपुस्तक किंवा फोटो नसेल तर त्या सांगण्याला काही अर्थ नाही. दुसरा सी कॅडेट्सचा. नौदलाच्या खलाशांसारखीच ही मुलं गोल टोपीभोवती नावाची रेशमी फीत बांधतात, तिला कॅप टॅली म्हणतात. साध्या कॅडेटसाठी आधी फीत शोधा.

कॅडेट चळवळीच्या काठावर 'ब्रिगेड' म्हणवणाऱ्या मुलांच्या संघटना आहेत. त्यांचे बिल्ले स्वस्त मिळतात आणि त्यांचा इतिहास फार सुंदर आहे. १८९१ मध्ये निघालेल्या चर्च लॅड्स ब्रिगेडला १९११ मध्ये किंग्ज रॉयल रायफल कोअरच्या कॅडेट बटालियन म्हणून मान्यता मिळाली, आणि पहिल्या महायुद्धात त्याच मुलांतून त्या रेजिमेंटची १६ वी बटालियन उभी राहिली. ज्यूइश लॅड्स ब्रिगेड १८९५ मध्ये काढली कर्नल अल्बर्ट गोल्डस्मिड यांनी. त्यांचा जन्म १८४६ चा, आपल्या पुण्यातला. बॉइज ब्रिगेडच्या नांगरावर 'शुअर अँड स्टेडफास्ट' लिहिलेलं असतं आणि इंग्रजीत त्यातल्या दुसऱ्या शब्दात आज लिहितात तो 'ए' नसतो. ती चूक नाही, जुन्या बायबलमधलं स्पेलिंग आहे. १९२६ मध्ये बॉइज लाइफ ब्रिगेड त्यात विलीन झाली तेव्हा नांगरामागे क्रॉस आला. क्रॉस नसलेला नांगर म्हणजे त्याआधीचा.

२. जवळ काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग, सराफाकडे असतं तसं
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा
- व्हर्नियर कॅलिपर, साधा चालेल
- लहान लोहचुंबक
- छोटी टॉर्च, तिरपा प्रकाश पाडायला
- वही आणि फोनचा कॅमेरा
- खात्रीचा एक बिल्ला, तुलनेसाठी

शेवटची वस्तू सगळ्यात महत्त्वाची. एटीसीचा राणीच्या मुकुटाचा बिल्ला कार बूट सेलमध्ये थोडक्या पैशांत मिळतो. पण खात्रीसाठी त्या वेळी कॅडेट असलेल्या कुणाकडून, किंवा त्यांच्या घरच्यांकडून तो घ्या. खऱ्या बिल्ल्याची धार, वजन आणि पाठ बोटांना माहीत झाल्याशिवाय नकली ओळखता येत नाही.

३. मुकुट वाचायला शिका

मुकुटाच्या कमानी वर गोलसर फुगून मधल्या गोळ्याला मिळत असतील तर तो ट्यूडर मुकुट. संग्राहक त्याला 'किंग्ज क्राउन' म्हणतात. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आल्यापासून सहाव्या जॉर्जच्या अखेरीपर्यंत तोच चालला. कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर तो सेंट एडवर्डचा मुकुट, म्हणजे 'क्वीन्स क्राउन', एलिझाबेथ राणींच्या काळातला. बदल एका रात्रीत झाला नाही. राजाच्या मुकुटाचा जुना साठा पन्नासच्या दशकात काही वर्षं वापरात राहिला.

सीसीएफच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं. संघटना १९४८ ची आणि मुकुट बदलला १९५३ च्या सुमारास, म्हणजे राजाच्या मुकुटाचे जुने सीसीएफ बिल्ले मोजून पाचेक वर्षंच बनले. त्यामुळे त्यांना किंमत आहे, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही आहेत.

आता नवा सापळा. २०२२ मध्ये चार्ल्स राजे गादीवर आले आणि त्यांनी पुन्हा ट्यूडर मुकुट घेतला. नवे बिल्ले त्याच गोल कमानींचे निघू लागले आहेत. एटीसीचा नवा बिल्ला थोडा मळवला, कोपऱ्यात काळं भरलं, की 'महायुद्धातला' म्हणून विकता येतो. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखे, प्रत्यक्षात अंतर ऐंशी वर्षांचं असतं. मुकुटावरून काळाचा अंदाज बांधा, पण शेवटचा निकाल पाठीवर सोडा.

४. पाठ आधी बघा

या टप्प्याला घाई करू नका. मी आता कुठलाही बिल्ला हातात आला की पहिल्यांदा उलटा करते.

खरा बिल्ला साधारणपणे ठशाने बनतो. पातळ पत्र्यावर पोलादी डायचा दाब पडतो, पुढे जे उंच ते मागे खोल होतं. त्यामुळे पाठीवर पुढच्या चित्राचं आरशातलं प्रतिबिंब दिसतं: ससाण्याच्या पंखाच्या जागी खळगा, मुकुटाच्या जागी खळगा. मागचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. अक्षरांमधली, मुकुटामधली मोकळी जागा वेगळ्या हत्याराने कापलेली असते, म्हणून तिच्या कडा धारदार आणि सरळ असतात. भिंगातून बघितलं तर कापल्याच्या बारीक उभ्या रेघा दिसतात.

ओतीव नकलेचं तसं नसतं. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेतात आणि त्यात धातू ओततात. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल मूळ बिल्ल्यापेक्षा किंचित लहान भरते. कॅलिपर लागतो तो इथेच. पाठ सपाट, जाड आणि रवाळ असते, बारीक छिद्रं दिसतात, कडांवर साच्याच्या जोडाची रेघ राहते. अक्षरं मऊ, विरघळल्यासारखी.

माझा पहिला मोठा धडा हाच. एका मिलिटेरिया मेळाव्यात, म्हणजे जुन्या लष्करी वस्तूंच्या बाजारात, शाळेचा ओटीसी बिल्ला घेतला, त्या वेळच्या माझ्या मानाने महाग. विक्रेत्याने तो मखमलीवर ठेवला होता, पुढची बाजू वर. मी उचललाही नाही, फक्त पाहिला आणि पैसे दिले. घरी येऊन उलटा केला तर पाठ रव्याच्या लाडवासारखी, आणि शाळेच्या ढालीच्या मागे खळगा नाहीच, सपाट धातू. वजन केलं तर तशाच आकाराच्या खऱ्या बिल्ल्याच्या जवळजवळ दीडपट. तेव्हापासून जो विक्रेता बिल्ला हातात देत नाही त्याच्याकडे मी पैसे काढत नाही.

याला अपवाद आहेत, तेही लक्षात ठेवा. अधिकाऱ्यांचे कांस्याचे आणि चांदीचे बिल्ले जाड आणि भरीव पाठीचे असू शकतात. चांदीचा असेल तर त्यावर हॉलमार्क शोधा. नांगराचं चिन्ह म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचं, आणि शेजारच्या अक्षरावरून वर्ष काढता येतं.

आता पाठीवरची जोडणी. तीन प्रकार मुख्य:

स्लायडर म्हणजे मागे डाखाने जोडलेली उभी पट्टी, ती टोपीच्या खाचेत सरकवतात. वापरलेला स्लायडर किंचित वाकलेला असतो, त्याच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात. नकलेत तो फार पातळ, फार अरुंद किंवा अगदी सरळ असतो आणि मुळाशी डाखाचा चकचकीत गोळा दिसतो. जुना डाख करडा आणि मंद असतो.

कड्या, ज्यांना लग म्हणतात, त्यांतून दोन पायांची पिन (स्प्लिट पिन) घालून बिल्ला टोपीला अडकवतात. कड्यांचं तोंड आतून घासलेलं हवं. ऐंशी वर्षांच्या बिल्ल्यावर काल जोडल्यासारख्या कड्या असतील तर किमान दुरुस्ती झालेली आहे. दुरुस्ती म्हणजे नकली नव्हे, पण किंमत कमी व्हायला हवी.

पात्या म्हणजे टोपीतून घालून मागे वाकवायच्या लवचिक पट्ट्या. त्या बहुतेक अधिकाऱ्यांच्या कांस्य बिल्ल्यांवर असतात. वाकवून वाकवून त्यांच्यावर आडव्या रेघा पडलेल्या दिसल्या तर समाधान वाटतं.

मागे आडवी ब्रोच पिन असेल तर तो बहुधा दागिना आहे, सैनिकाच्या घरच्या बाईने लावायचा. बटणाच्या काजात घालायची अर्धचंद्र पट्टी असेल तर तो कोटाच्या कॉलरचा बिल्ला. हे दोन्ही 'लहान कॅप बॅज' म्हणून विकले जातात. गणवेशाच्या कॉलरवरचे बिल्लेही तसेच. ते जोडीने असतात, बहुधा एकमेकांकडे तोंड केलेले, आणि टोपीच्या बिल्ल्याच्या निम्म्या आकाराचे.

कारखानदाराच्या नावाबद्दल सावध राहा. 'जे. आर. गाँट', 'फर्मिन', 'स्मिथ अँड राइट' ही नावं खरी आणि नामांकित आहेत, पण जुन्या डायवरून नंतर पुन्हा ठसे काढले गेले आणि गाँटचं नाव नव्या स्लायडरवरही उमटलं. अशा 'रिस्ट्राइक' बिल्ल्यांची पुढची बाजू अस्सल डायची असते, म्हणूनच ते सगळ्यात फसवे. ते अनेकदा जाड पत्र्याचे असतात, कधी मोकळ्या जागा कापायच्या राहून गेलेल्या असतात, आणि पन्नास वर्षं टोपीवर बसलेल्या बिल्ल्याची झीज त्यांच्यावर कुठेच नसते.

झीज नीट वाचा. रोज ब्रासो लावून घासलेल्या बिल्ल्याच्या उंच जागा, म्हणजे मुकुटाचा माथा, अक्षरांचे वरचे काठ, पक्ष्याची छाती, पातळ होतात आणि खोलगट भागात पॉलिशचा पांढरट-हिरवा थर राहतो. नकलेत उलट असतं. तपशील सगळीकडे सारखाच बोथट, आणि काळेपणाही सगळीकडे सारखाच, रंग लावल्यासारखा. पॉलिशच्या फडक्याने फक्त उंच भाग घासला जातो, खळगे घासले जात नाहीत.

५. धातू ओळखा

पिवळा धातू म्हणजे गिल्डिंग मेटल, तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. आपण पितळच म्हणू. पांढरा तो व्हाइट मेटल. दोन्ही मिळून बनवलेला तो बाय-मेटल. त्यात दोन तुकडे वेगळे ठोकून जोडलेले असतात, आणि पाठीवरून जोड दिसतो. एकाच ओतीव तुकड्यावर पांढरा मुलामा चढवून बाय-मेटल म्हणून विकतात. भिंगातून दोन रंगांची सीमा बघा. ती धातूची कड हवी, रंगाची रेघ नको.

दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला प्लास्टिकचेही बिल्ले निघाले. ते तपकिरी, राखाडी असे असतात आणि त्यांच्यावर मुकुट असेल तर तो राजाचाच असतो. ते कुणी फेकून देत असेल तर उचला.

अ‍ॅनोडाइज्ड ॲल्युमिनियम, म्हणजे 'स्टेब्राइट', पन्नासच्या दशकात आलं. हलकं, झगझगीत, पॉलिश न करता चमकणारं. म्हणून ओटीसी किंवा जेटीसी लिहिलेला शाळेचा अ‍ॅनोडाइज्ड बिल्ला दिसला तर थांबा.

चुंबकाला चिकटला तर बिल्ला जवळजवळ नक्की चुकीचा, कारण वरच्यातला एकही धातू चिकटत नाही. पण चिकटला नाही म्हणून खरा असं मानू नका. स्वस्त जस्ताच्या नकलाही चिकटत नाहीत. आणि मागच्या पिना काढून मग चुंबक लावा.

६. शाळा शोधा आणि पत्र लिहा

या छंदातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच आहे आणि बहुतेक लोक तो टाळतात.

बिल्ल्यावर शाळेचं नाव नसेल तर पट्टीवरचं बोधवाक्य वाचा. 'फ्लोरेआट एटोना' म्हणजे ईटन, 'ओरांडो लाबोरांडो' म्हणजे रग्बी, 'स्टेट फोर्तुना डोमुस' म्हणजे हॅरो. बोधवाक्य अपुरं वाचता येत असेल तर टॉर्च अगदी आडवी धरून एका बाजूने प्रकाश टाका, झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. एक इशारा: एकाच बोधवाक्याच्या आणि सारख्या ढालीच्या दोन शाळा असू शकतात. सिंह, क्रॉस, पुस्तक ही चिन्हं तर ढिगाने. ढालीतले भाग एकेक करून जुळवा.

शाळा कळली की तिच्या अभिलेखागाराला पत्र लिहा. इथल्या जुन्या शाळांत बहुधा एक अर्काइव्हिस्ट असतो, आणि माझा अनुभव असा की नेमका प्रश्न विचारला तर ही मंडळी मनापासून मदत करतात. पत्रात एवढंच द्या:

- चार फोटो: पुढून, पाठ, एका बाजूने, आणि पट्टीजवळ ठेवून
- उंची, रुंदी, वजन
- कुठे आणि केव्हा मिळाला
- एकच प्रश्न: 'असा बिल्ला घातलेला तुमच्याकडच्या तुकडीचा फोटो आहे का, आणि तो कोणत्या वर्षाचा?'

'हा खरा आहे का, किंमत किती' असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं आणि पत्र बाजूला पडतं. फोटोचं उत्तर त्यांच्याकडे असतं. तुकडीचा सामूहिक फोटो, शाळेचं वार्षिक, शिबिरातले फोटो यांतून बिल्ल्याची वर्षं पक्की होतात. एका शाळेतून मला तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पहिल्या महायुद्धाआधीच्या फोटोतल्या एका मुलाच्या टोपीचा भाग मोठा करून पाठवला होता. माझ्या बिल्ल्यावर ढालीची डावी कड थोडी तिरपी कापलेली आहे, आणि फोटोतल्या बिल्ल्यावरही ती तशीच आहे. त्या मुलाचं नाव खाली शाईने लिहिलेलं होतं. शाळेच्या युद्धस्मारकाच्या यादीतही ते नाव आहे, असंही पत्रात होतं. तो बिल्ला मी कधी विकणार नाही.

लंडनच्या चेल्सीमधलं नॅशनल आर्मी म्युझियम आणि इम्पिरियल वॉर म्युझियम यांचे संग्रह इंटरनेटवर पाहता येतात. तुलनेसाठी तेही बघा. विक्रेते जाहिरातीत 'के अँड के' आणि एक क्रमांक लिहितात, तो किपलिंग आणि किंग यांच्या सैन्याच्या बिल्ल्यांवरच्या दोन खंडी ग्रंथातला क्रमांक. त्या क्रमांकाने नमुना कळतो, तुमच्या हातातला तुकडा अस्सल ठरत नाही.

७. विकत घेताना

मेळावा, लिलाव, इंटरनेट, धर्मादाय दुकान, कार बूट सेल: सगळीकडे माल असतो. नवख्यांनी सुरुवात मेळाव्यापासून करावी, कारण तिथे हातात घेऊन बघता येतं आणि शेजारच्या टेबलावरचा माणूसही बोलतो.

इंटरनेटवर पाठीचा फोटो नसेल तर मागा. 'पाठ ठीक आहे' असं उत्तर आलं तर सोडून द्या. ब्रिटनमध्ये धंदा करणाऱ्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली वस्तू साधारणपणे १४ दिवसांत परत करण्याचा हक्क असतो. खासगी माणसाकडून घेतल्यास तो नसतो, पण वर्णन खोटं निघालं तर तक्रार करता येते. म्हणून जाहिरातीचं पान खरेदीच्या दिवशीच जतन करून ठेवा. त्यात 'अस्सल' असा शब्द आहे की नुसतं 'जुन्या शैलीचा', हे नीट वाचा. लिलावात हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, खरेदीदाराचं कमिशन आणि त्यावर कर लागतो, तो आधीच हिशेबात धरा.

ढीगच्या ढीग एकाच दुर्मीळ शाळेचे, सगळे एकाच अवस्थेतले बिल्ले एकाच विक्रेत्याकडे दिसले तर निघून या. शंभर मुलांच्या तुकडीचे तीस बिल्ले एकाच डब्यात उरत नाहीत.

आणि आत्ता कॅडेट असलेल्या मुलांकडून बिल्ले विकत घेऊ नका. गणवेश त्यांना वापरायला दिलेला असतो, तो परत करायचा असतो.

८. भारतात सापडला तर

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात ब्रिटिश काळातले बिल्ले अजून दिसतात. त्यांतले काही शाळांचे, काही भारतातल्या विद्यापीठांच्या तुकड्यांचे. भारतातल्या विद्यापीठांत १९२० च्या दशकापासून यूटीसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर, आणि १९४२ पासून यूओटीसी होतं. एनसीसीचा वंश तोच. मुंबई विद्यापीठाच्या यूटीसीचा बिल्ला 'ब्रिटिश ओटीसी' म्हणून कुणी देऊ करत असेल तर अक्षरं नीट वाचा. आपल्याकडचा संग्राहक म्हणून मला तर तो जास्त मोलाचा वाटतो. बाजारात नव्या ठशाच्या नकलाही बऱ्याच असतात, त्यामुळे चौथा टप्पा तिथेही तसाच लागू आहे.

एक कायदेशीर गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे १९०८ ते १९२० च्या दशकातला बिल्ला पुण्यात घेऊन सहज बॅगेत टाकून इंग्लंडला आणू नका. आधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करा. बाहेरून भारतात मागवत असाल तर सीमाशुल्काचा खर्च धरा.

९. साफ करणं, ठेवणं, नोंद

आपल्याकडे पितळ काळं पडलं की चिंच-मीठ किंवा पितांबरी. समईसाठी ते उत्तम, बिल्ल्यासाठी नाही. मी एका राजाच्या मुकुटाच्या सीसीएफ बिल्ल्याला चिंच लावली होती. दहा मिनिटांत तो गुलाबी पितळाचा झाला, खळग्यांतला सत्तर वर्षांचा पॉलिशचा थर गेला आणि त्याबरोबर त्याच्या जुनेपणाचा पुरावाही गेला. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश आणि लगेच कोरडा करणं, एवढंच पुरे. अ‍ॅनोडाइज्ड बिल्ल्याला ब्रासो अजिबात लावू नका, सोनेरी थर निघून खालचं ॲल्युमिनियम दिसतं. हिरवा कळंक असेल तर लाकडी टूथपिकने कोरडाच खरवडा.

पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत ठेवू नका, त्यांतून सुटणाऱ्या द्रव्याने पितळावर हिरवा चिकट थर येतो. आम्लरहित कागदाची पाकिटं किंवा पॉलिथिनच्या साध्या पिशव्या चालतात. प्रत्येक पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका, इथल्या ओल्या हवेत ती लागतेच.

नोंद मात्र त्याच दिवशी करा, उद्यावर टाकू नका. माझ्या वहीतली एक नोंद:

'क्र. ६३. शाळेच्या चिन्हाखाली जेटीसी. गिल्डिंग मेटल, ठशाचा, राजाचा मुकुट. उंची ४१ मि.मी., वजन ११.२ ग्रॅम. स्लायडर मूळचा, तळाशी डावीकडे वाकलेला. मुकुटाचा माथा झिजलेला, अक्षरांच्या खळग्यांत पॉलिश. वुस्टरजवळच्या कार बूट सेलमध्ये, बटणांच्या डब्यातून, आजीबाईंकडून, ४ पौंड. त्या म्हणाल्या, थोरल्या भावाचा. शाळेला पत्र पाठवलं, उत्तर आलं: १९४३ चा फोटो, तिसरी रांग, उजवीकडून दुसरा. फोटोची प्रत आजीबाईंना पोस्टाने पाठवली.'